ट्रॅव्हल ट्रेलरला लिथियम बॅटरी बसवताना: हिशेबापासून हिवाळ्यापर्यंत

अमेरिकेत नवा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला की विक्रेता बहुधा त्याच्या टंगवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या लोखंडी त्रिकोणावर, प्लास्टिकच्या काळ्या डब्यात ग्रुप २४ आकाराची एक लेड-ॲसिड बॅटरी बसवून देतो. तिची क्षमता ७५ ते ८० अँपिअर-तास (एक अँपिअर प्रवाह तासभर म्हणजे एक अँपिअर-तास) असली, तरी ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर बाद होते, त्यामुळे वापरण्याजोगे जेमतेम ४० अँपिअर-तास हाती राहतात. ट्रेलर कायम फुल हुकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, असलेल्या आरव्ही पार्कमध्येच (ट्रेलर-तळावरच) उभा राहणार असेल, तर एवढ्याने काही अडत नाही. तिथे खांबावरून येणारी ३० किंवा ५० अँपिअरची वीज कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे १२० व्होल्टची वीज १२ व्होल्टमध्ये बदलून बॅटरीही भरणाऱ्या यंत्रामार्फत, १२ व्होल्टचा पुरवठा अखंड चालू ठेवते. अशा कुटुंबाने लिथियमवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अडचण येते ती राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी मोकळ्या जमिनींवर. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क सोडले, तर उद्यानातल्या एकाही कॅम्पग्राउंडवर विजेची जोडणी नाही. जून महिन्यातही तिथे रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो, फर्नेसचा, म्हणजे प्रोपेन गॅसवरच्या हीटरचा, पंखा रात्रभर अधूनमधून फिरत राहतो, आणि जनरेटर लावायला परवानगी असली तरी ती दिवसाच्या ठरावीक तासांपुरतीच असते. चाळीस अँपिअर-तासांची शिल्लक अशा एका रात्रीतच संपत येते.

लिथियम बॅटरी डब्यात ठेवून दोन नट आवळणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि दुकानदार तेवढेच सांगतो. प्रत्यक्षात बॅटरी बदलणे ही या कामातली जवळजवळ शेवटची पायरी असावी. ट्रेलरचा चार्जर, वायर, ब्रेकर आणि गाडीकडून येणारी चार्ज लाइन हे सगळे लेड-ॲसिडचा स्वभाव गृहीत धरून बसवलेले असते, आणि लिथियमचा स्वभाव वेगळा आहे. म्हणून आधी वापराचा हिशेब, मग आहे त्या जोडणीची तपासणी, मग चार्जिंग आणि फ्यूज, आणि त्यानंतर बॅटरी, हा क्रम पाळावा.

रोजच्या वापराचा हिशेब

हिशेब अँपिअर-तासांत करावा. फर्नेस चालू असताना तिचा पंखा साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. थंड रात्री तो तासातली वीस मिनिटे फिरला, तर नऊ तासांत २० ते २५ अँपिअर-तास जातात. एलईडी दिवे संध्याकाळभर मिळून ५ ते ८, पाण्याचा पंप दिवसभरात २ ते ३, फोन आणि लॅपटॉप मिळून १० ते १५. प्रोपेन गॅसचा डिटेक्टर, रेडिओ, फ्रिजचा कंट्रोल बोर्ड हे चोवीस तास थोडी थोडी वीज खातच असतात. त्यांची बेरीज दिवसाला १० अँपिअर-तासांपर्यंत सहज जाते, आणि हीच बाब बहुतेक जण हिशेबात धरायला विसरतात.

यानंतरचा निर्णायक प्रश्न फ्रिजचा. प्रोपेनवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज असेल, तर वरील बेरीज ५० ते ६० वर थांबते आणि १०० अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी एका दिवसाला व्यवस्थित पुरते. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांत मात्र १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज येतो, आणि तो उन्हाळ्यात एकटाच दिवसाला ६० अँपिअर-तासांच्या आसपास घेतो. तिथे दोन बॅटऱ्या आणि छतावर निदान ३०० ते ४०० वॉट सोलरची तयारी ठेवावी.

मराठी स्वयंपाकघराच्या दृष्टीने दोन आकडे उपयोगी पडतील. ११० व्होल्टवर चालणारा ५५० वॉटचा मिक्सर चटणीसाठी तीन मिनिटे फिरवला, तर इन्व्हर्टरमधली गळती धरूनही अडीच अँपिअर-तासच जातात. म्हणजे ऊर्जेचा प्रश्न जवळजवळ नाहीच, फक्त तेवढा झटका सोसणारा इन्व्हर्टर हवा. १००० वॉटच्या इन्स्टंट पॉटमध्ये, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरमध्ये, वरण-भात लावला, तर तापण्याची वेळ धरून साधारण ०.३ युनिट, म्हणजे २५ ते २७ अँपिअर-तास खर्च होतात. शिट्टीचा कुकर ट्रेलरच्या प्रोपेन शेगडीवर लावला तर बॅटरीला हातच लागत नाही, म्हणून तो सोबत ठेवावा. छतावरचा एअर कंडिशनर या हिशेबातून सरळ वगळावा. १३,५०० बीटीयूचा एसी सव्वा ते दीड किलोवॉट ओढतो, आणि २०० अँपिअर-तासांची जोडीसुद्धा त्याला दीड-दोन तासांत रिकामी करील.

बॅटरी निवडताना

ट्रेलरसाठी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, हेच समजावे. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी या सहकाऱ्यांसह या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. फोन-लॅपटॉपमधल्या लिथियमपेक्षा हा पदार्थ उष्णतेला बराच स्थिर असल्याने झोपायच्या जागेजवळ ठेवायला तोच योग्य. यातला प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि चार सेल ओळीने जोडून १२.८ व्होल्टची बॅटरी होते. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन १० ते १४ किलो असते, तर तिच्याहून कमी देणारी ग्रुप २४ लेड-ॲसिड २० किलोच्या पुढे जाते. उत्पादक ३,००० ते ५,००० आवर्तनांचे (एकदा उतरवून भरणे म्हणजे एक आवर्तन) आयुष्य सांगतात, आणि क्षमतेतला ८० ते ९० टक्के भाग निर्धास्तपणे वापरता येतो.

किमतींचा पट्टा रुंद आहे. १०० अँपिअर-तासांच्या महाग बॅटऱ्या स्वस्त बॅटऱ्यांच्या तिप्पट-चौपट किमतीला मिळतात, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आतल्या बीएमएसची म्हणजे संरक्षक सर्किटची सतत प्रवाह देण्याची मर्यादा. ती बहुधा १०० अँपिअर असते आणि तीच इन्व्हर्टर केवढा लावता येईल हे ठरवते. दुसरी, कमी तापमानात चार्जिंग आपोआप तोडण्याची सोय. गोठणबिंदूखाली, म्हणजे ३२ अंश फॅरनहाइटखाली चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर जमतो आणि क्षमता कायमची घटते. ही सोय नसलेली बॅटरी कोलोरॅडो, मिनेसोटा किंवा न्यूयॉर्ककडच्या माणसाने स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिसरी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे सुरक्षा प्रमाणपत्र. स्वतःला ऊब देणाऱ्या बॅटऱ्याही मिळतात, पण ती ऊब चार्जिंगच्या विजेतूनच येते हे लक्षात घ्यावे. बॅटरी ट्रेलरच्या आत बसवणार असाल तर बहुधा तिची गरज पडत नाही.

दोन बॅटऱ्या लागणार असतील तर त्या एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. जुनी लेड-ॲसिड बॅटरी अजून चांगली आहे म्हणून ती लिथियमच्या जोडीला ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, कारण दोघींचे व्होल्टेज कधीच जुळत नाही आणि लिथियम सतत लेड-ॲसिडला पोसत राहते.

आहे त्या जोडणीची तपासणी

टंगवरच्या डब्याचे झाकण उघडल्यावर काहीही सैल करण्यापूर्वी फोनवर चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीचे लेबल लावावे. इथे एक धोका दबा धरून असतो. मोटारीत लाल पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह ही सवय आपल्या हाताला असते, पण अनेक ट्रेलरांत बॅटरीकडे येणारी काळी वायर पॉझिटिव्ह आणि पांढरी वायर निगेटिव्ह असते. रंगावर विसंबू नये, मल्टीमीटरने खात्री करावी. उलटी जोडणी झाली तर कन्व्हर्टरवरचे उलट-ध्रुवीय संरक्षणाचे दोन फ्यूज तत्क्षणी उडतात. तेवढ्यावर भागले तर नशीब, कारण लिथियमचे बीएमएसही त्यात जळू शकते.

पॉझिटिव्ह वायर बॅटरीपासून निघून टंगच्या पोलादी पट्टीवर बसवलेल्या काडेपेटीएवढ्या ब्रेकरला जाते. त्याला दोन खुंट्या असतात आणि वर बहुधा रबराची टोपी. बॅटरीची बाजू तांबूस खुंटीची आणि ट्रेलरची बाजू चंदेरी खुंटीची, अशी रीत आहे. त्यावरचा आकडा वाचावा; तो ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान असतो. लेड-ॲसिड बॅटरी कन्व्हर्टरकडून पूर्ण प्रवाह थोडा वेळच घेते आणि मग हात आखडता घेते, त्यामुळे हा ब्रेकर वर्षानुवर्षे निमूट बसलेला असतो. लिथियम मात्र जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत ५५ अँपिअर देणाऱ्या कन्व्हर्टरकडून ५५ च्या ५५ अँपिअर तास-दीड तास ओढत राहते. मग ४० चा ब्रेकर गरम होऊन सुटतो, थंड होऊन आपोआप जुळतो, पुन्हा सुटतो, आणि मालकाला फक्त एवढेच दिसते की नवी बॅटरी ‘नीट भरत नाही’.

त्याच वेळी कन्व्हर्टरपर्यंत गेलेल्या वायरचे गेज, म्हणजे जाडीचा क्रमांक, पाहावे (आकडा जितका लहान, तितकी वायर जाड). ते तिच्या आवरणावर छापलेले असते. ६ गेजची तांब्याची वायर ५५ अँपिअरला चालते आणि तिच्यावर ६० चा ब्रेकर बसवता येतो. ८ गेजची असेल तर नुसता ब्रेकर मोठा करणे म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे वायर बदलावी किंवा ३५ ते ४० अँपिअरचा लहान कन्व्हर्टर निवडावा. ब्रेकरने वायरचे रक्षण करायचे असते, म्हणून त्याचा आकडा नेहमी वायरवरून ठरतो.

तिसरी बाब ब्रेकअवे स्विचची. ट्रेलर धावत्या गाडीपासून सुटलाच तर एक पिन ओढली जाते आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक त्याच्याच बॅटरीवर लागतात. या स्विचची वायर थेट बॅटरीला जोडलेली असली पाहिजे. आपण बसवणार असलेल्या मेन डिस्कनेक्ट स्विचच्या पलीकडे ती कधीही जाऊ देऊ नये. लिथियमच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. लेड-ॲसिड उतरली तरी मरगळलेली का होईना वीज देते. लिथियमचे बीएमएस मर्यादा ओलांडताच पुरवठा पूर्ण तोडते, आणि मग ब्रेकअवे स्विचला काहीच मिळत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी घेऊन ट्रेलर रस्त्यावर काढू नये.

चार्जिंगचे तीन मार्ग

आपल्यापैकी अनेकांनी लोडशेडिंगच्या काळात घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलेले आहे, तिला महिनोन्‌महिने चार्जवर ठेवलेले आहे; त्या सवयी इथे सोडाव्या लागतात. लिथियमला पाणी नको, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणे) नको, तापमानानुसार व्होल्टेज कमी-जास्त करणे नको, आणि कायम फ्लोटवर, म्हणजे भरल्यानंतरच्या हलक्या राखण-चार्जवर, टांगून ठेवणेही नको. तिला १४.२ ते १४.६ व्होल्टचा सरळ चार्ज हवा, आणि नंतर फ्लोट ठेवायचाच तर १३.५ च्या आसपास.

पहिला मार्ग कन्व्हर्टरचा. ट्रेलरमधले मूळ कन्व्हर्टर बहुतेक वेळ १३.६ व्होल्टवर काम करतात. त्यावर लिथियम बॅटरी बरीचशी भरते, पण फार सावकाश, आणि सेलांची आपापसातली पातळी समान करण्याचे बीएमएसचे काम वरच्या व्होल्टेजलाच होत असल्याने ते अर्धवट राहते. उपाय म्हणजे लिथियमचा पर्याय असलेला कन्व्हर्टर. पूर्ण पेटी काढावी लागत नाही. वितरण पेटीच्या खालच्या भागातला कन्व्हर्टरचा बोर्ड तेवढा बदलता येतो, आणि प्रचलित पेट्यांसाठी असे बोर्ड तयार मिळतात. हे करताना शोअर पॉवरची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विजेची, वायर खांबावरून काढलेली आणि बॅटरी सोडवलेली असली पाहिजे. त्या पेटीत १२० व्होल्टच्या बाजूला पांढरी वायर न्यूट्रल असते आणि १२ व्होल्टच्या बाजूला पांढरीच वायर निगेटिव्ह असते. दोन्ही एकमेकांत मिसळल्या तर परिणाम सांगायला नको. १२० व्होल्टच्या वायरिंगचा अनुभव नसेल तर हे एवढे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

लिथियम कन्व्हर्टरचा खरा फायदा जनरेटरच्या तासांत दिसतो. ५५ अँपिअरने १०० अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी दोन तासांत भरते आणि त्यासाठी जनरेटरवर जेमतेम एक किलोवॉटचा भार येतो, तर लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच कित्येक तास लागतात. उद्यानातल्या ठरावीक जनरेटर-वेळेत काम उरकायचे असेल, तर हा फरक बॅटरीच्या क्षमतेइतकाच मोलाचा आहे.

दुसरा मार्ग ओढणाऱ्या गाडीचा. सात पिनांच्या प्लगमधली चार्ज लाइन बारीक आणि लांब असते, त्यामुळे तिच्यातून येणारे व्होल्टेज वाटेतच घटते आणि लिथियम कधी पूर्ण भरत नाही. उलट गाडी बंद असताना तिची बॅटरी १२.६ ला आणि ट्रेलरची लिथियम १३.३ ला असते, म्हणून ज्या गाड्यांत ती लाइन बंद होत नाही तिथे वीज उलटी वाहून ट्रेलरच गाडीला भरत बसतो. या दोन्हींवर उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर, जो गाडीकडून आलेले व्होल्टेज वाढवून बॅटरीला देतो आणि उलटा प्रवाह रोखतो. सात पिनांच्या लाइनवर, जिथे गाडीकडचा फ्यूज बहुधा ३० अँपिअरचा असतो, २० अँपिअरच्या वर जाऊ नये, कारण २० अँपिअर देण्यासाठी असा चार्जर आत २५ च्या आसपास ओढतो. अधिक हवे असेल तर गाडीच्या बॅटरीपासून ४ किंवा ६ गेजची स्वतंत्र फ्यूजवाली लाइन मागपर्यंत आणावी. प्रवास रोज दोन-तीन तासांचाच असेल आणि छतावर सोलर असेल, तर डीसी-डीसी चार्जर न बसवता ही चार्ज लाइन सरळ सोडवून ठेवणे हाही शहाणपणाचाच पर्याय आहे. मात्र तसे करताना ब्रेक आणि दिव्यांच्या वायरींना धक्का लावू नये.

तिसरा मार्ग सोलरचा. एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज-नियंत्रक, घ्यावा, त्यात लिथियमचे सेटिंग निवडावे, आणि जोडताना आधी बॅटरी व मग पॅनल, सोडवताना आधी पॅनल व मग बॅटरी, हा क्रम चुकवू नये. ट्रेलरच्या बाजूला ‘सोलर रेडी’ लिहिलेले छोटे सॉकेट असेल तर त्याची पोलॅरिटी मीटरने तपासावी, कारण काही कंपन्यांच्या सॉकेटांत ती नेहमीच्या पद्धतीच्या उलटी असते. सोलरचा कंट्रोलर १४.४ व्होल्टपर्यंत नेत असेल, तर वर सांगितलेला कन्व्हर्टर बदलण्याचा खर्च वर्षभर पुढे ढकलला तरी चालतो, असा माझा सल्ला आहे. बॅटरीचा वरचा शेवटचा भाग रोज सोलर भरून काढतो.

जागा, वायर आणि फ्यूज

लिथियममधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत नाही, म्हणून तिला उघड्या टंगवर थंडी-पावसात आणि चोरांच्या नजरेसमोर ठेवण्याचे कारण उरत नाही. टंगच्या लगेच मागे असलेली आडवी पास-थ्रू डिकी ही उत्तम जागा, कारण मूळ वायरी तिथवर थोड्याच वाढवाव्या लागतात. पलंगाखाली किंवा जेवणाच्या बाकाखालीही ठेवता येते, पण फर्नेसच्या अगदी शेजारी नको. एक गोष्ट विसरू नये: हिचवर, म्हणजे गाडीच्या जोडावर, पडणारे वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावे लागते, आणि दोन बॅटऱ्या टंगवरून उचलून अ‍ॅक्सलच्या मागे नेल्या तर ते घटून ट्रेलर रस्त्यावर डुलू लागतो. बॅटरी जमिनीच्या लाकडी फळीला नव्हे, तर आडव्या तुळईत पकड घेणाऱ्या स्क्रूंनी ब्रॅकेट किंवा पट्टा लावून जखडावी.

फ्यूजच्या बाबतीत काटकसर करू नये. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्टसर्किट झाल्यास काही हजार अँपिअर क्षणात वाहतात, आणि साधा फ्यूज वितळला तरी आतला ठिणगीचा झोत विझवू शकत नाही. क्लास टी फ्यूज २०,००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो. एकाच बॅटरीच्या लहान जोडणीला बॅटरीच्या खुंटीवरच बसणारा, १४ व्होल्टला १०,००० अँपिअर तोडणारा मरीन फ्यूजही पुरतो. तो पॉझिटिव्ह खुंटीपासून सात-आठ इंचांच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कोणाचेच संरक्षण नसते.

इन्व्हर्टर लावायचा असेल तर वॉटला १० ने भागले की १२ व्होल्टच्या बाजूचे अँपिअर सुरक्षित अंदाजाने मिळतात. १००० वॉटला १०० अँपिअर, म्हणजे २ गेजची आखूड केबल आणि १२५ ते १५० चा फ्यूज. २००० वॉटला २०० अँपिअर, म्हणजे २/० ची जाडजूड केबल, २५० चा फ्यूज आणि १०० अँपिअर बीएमएसच्या किमान दोन बॅटऱ्या. एका बॅटरीवर २००० वॉटचा इन्व्हर्टर लावून मायक्रोवेव्ह सुरू केला की बीएमएस सगळा ट्रेलर अंधारात टाकते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा, घ्यावा, आणि तो बॅटरीपासून दोन-तीन फुटांत बसवावा. केबलची टोके हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली हवीत. हातोडीने चेपलेला लग (केबलच्या टोकाचा धातूचा कान) काही महिन्यांत तापू लागतो. तो क्रिंपर नसेल तर मापाच्या तयार केबल मागवणे स्वस्त पडते.

प्रत्यक्ष बसवणी

नवी बॅटरी ट्रेलरला लावण्याआधी घरात लिथियम चार्जरने पूर्ण भरून घ्यावी. दोन असतील तर दोन्ही वेगवेगळ्या भराव्यात आणि मगच समांतर जोडाव्यात. कमी-अधिक भरलेल्या दोन बॅटऱ्या जोडल्या की त्यांच्यात एकदम मोठा प्रवाह धावतो.

कामाच्या दिवशी शोअर पॉवर काढावी, गाडीचा सात पिनांचा प्लग सोडवावा, सोलर पॅनल झाकावेत किंवा त्यांची वायर काढावी. ट्रेलर सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून उभा असावा, कारण बॅटरी काढल्यावर विजेचा टंग जॅक चालणार नाही. हातातली अंगठी, कडे, घड्याळ, गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवावे. पाना आणि अंगठी यांच्यातून शॉर्ट झाला तर बोट भाजण्याला एक सेकंदही लागत नाही. पान्याच्या दांड्याला विजेची चिकटपट्टी गुंडाळणे हा साधा आणि पुरेसा उपाय आहे.

जुन्या बॅटरीची निगेटिव्ह आधी काढावी, पॉझिटिव्ह नंतर. नवी बॅटरी जागी जखडल्यावर क्रम उलटा: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. पॉझिटिव्ह खुंटीवरून फ्यूज, फ्यूजवरून मेन डिस्कनेक्ट स्विच, तिथून बसबार (अनेक वायरी एकत्र जोडण्याची धातूची पट्टी), आणि बसबारवरून कन्व्हर्टर, इन्व्हर्टर, सोलर यांच्या आपापल्या ब्रेकरसह वायरी निघाव्यात. ब्रेकअवे स्विचची वायर मुख्य फ्यूजच्या पुढे पण डिस्कनेक्टच्या अलीकडे, स्वतःच्या फ्यूजसह घ्यावी. निगेटिव्हच्या बाजूला बॅटरी आणि बाकी सगळे यांच्यामध्ये शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा भाग, बसवावा; शंटच्या बॅटरीकडच्या टोकाला बॅटरीशिवाय एकही वायर असता कामा नये, ट्रेलरच्या चॅसिसची निगेटिव्हसुद्धा पलीकडच्याच टोकाला. एखादी वायर चुकून अलीकडे राहिली तर तिच्यातला वापर मोजलाच जात नाही.

दोन बॅटऱ्यांमधल्या जोडकेबल सारख्या लांबीच्या असाव्यात, आणि ट्रेलरची पॉझिटिव्ह एकीवरून तर निगेटिव्ह दुसरीवरून घ्यावी, म्हणजे दोघींवर भार सारखा पडतो. खुंटीवर सर्वांत जाड लग सर्वांत खाली, धातूला धातू टेकून बसवावा. वॉशर वर येतो, मध्ये नव्हे. नट किती आवळायचा याचा आकडा बॅटरीच्या पुस्तिकेत असतो आणि तो टॉर्क पान्यानेच पाळावा, कारण या खुंट्यांचे आटे मऊ असतात.

इन्व्हर्टरची सर्वांत सोपी जोडणी म्हणजे ट्रेलरची शोअर केबल ॲडॉप्टर लावून इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खुपसणे. तसे करणार असाल तर कन्व्हर्टरचा ब्रेकर आधी बंद करावा, अन्यथा बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर कन्व्हर्टरला आणि कन्व्हर्टर पुन्हा बॅटरीलाच भरू पाहतो आणि वाटेत नुसती उष्णता तयार होते. प्रोपेनवरचा फ्रिजही ‘ऑटो’वरून ‘गॅस’वर आणावा. कायमची सोय हवी असेल तर ट्रान्सफर स्विच (शोअर पॉवर आणि इन्व्हर्टर यांत अदलाबदल करणारा) जाणकाराकडून बसवून घ्यावा.

पहिली चाचणी आणि मॉनिटरची सेटिंग

बॅटरीची पातळी दाखवणारे भिंतीवरच्या पॅनलमधले चार दिवे आता विसरावेत. लेड-ॲसिडचे व्होल्टेज १२.७ वरून निम्म्याला १२.२ वर येते आणि त्या उतारावरच ते दिवे बेतलेले असतात. लिथियम मात्र २० टक्के उरली तरी १२.९ च्या आसपास दाखवते, म्हणून पॅनल शेवटच्या घटकेपर्यंत ‘फुल’ म्हणत राहते. शंटच्या ॲपमध्ये प्रत्यक्ष क्षमता भरावी, चार्ज कार्यक्षमता ९९ टक्के आणि प्यूकर्ट घातांक (जास्त प्रवाहाला क्षमता किती घटते याचा आकडा) १.०५ ठेवावा, ‘पूर्ण’ मानण्याचे व्होल्टेज आपल्या चार्जरच्या मर्यादेहून ०.२ कमी ठेवावे, आणि बॅटरी एकदा पूर्ण भरल्यावर १०० टक्क्यांशी ताळमेळ लावावा.

मग डिस्कनेक्ट चालू करून शोअर पॉवर जोडावी आणि अर्धा तास थांबून फ्यूज, ब्रेकर, प्रत्येक लग हाताच्या मागच्या बाजूने तपासावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तो सांधा सैल किंवा क्रिंप कच्चा आहे. बॅटरीच्या खुंटीवर व्होल्टेज मोजताना पूर्ण प्रवाहात कन्व्हर्टरपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट कमी दिसले तर लगेच घाबरू नये, लांब वायरीत तेवढी घट येते. प्रवाह उतरत गेला की दोन्ही आकडे जवळ आले पाहिजेत. शेवटी सात पिनांचा प्लग काढलेला असताना ब्रेकअवेची पिन ओढून ट्रेलर थोडा पुढे खेचून पाहावा, चाके अडली पाहिजेत, आणि पिन लगेच परत बसवावी, कारण ब्रेकची चुंबके फार वेळ चालू राहिली तर तापतात.

पहिला मुक्काम घरासमोरच्या ड्राइव्हवेवर, शोअर पॉवरशिवाय करावा. फर्नेस, फ्रिज, दिवे नेहमीसारखे वापरून सकाळी शंटवरचा आकडा पाहिला की कागदावरचा हिशेब खरा होता की नाही ते कळते, आणि दुसरी बॅटरी लागेल का याचे उत्तरही मिळते. जुनी लेड-ॲसिड बॅटरी कचऱ्यात टाकू नये. मोटारीचे सुटे भाग विकणारी दुकाने ती परत घेतात.

हिवाळ्याची साठवण

ट्रेलर नोव्हेंबरात झाकून ठेवताना लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवायची असते, कारण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण गोठते. लिथियम निम्म्याच्या आसपास, ५० ते ६० टक्क्यांवर ठेवावी. तिचा स्वतःचा क्षय महिन्याला दोन-तीन टक्केच असतो, पण गॅस डिटेक्टरसारखे चोरटे भार तिला दोन आठवड्यांत तळाला नेतात, म्हणून नुसत्या डिस्कनेक्ट स्विचवर न थांबता निगेटिव्ह वायर खुंटीवरून काढूनच ठेवावी. शून्याखालच्या थंडीत नुसती पडून राहिल्याने तिचे नुकसान होत नाही. सोलर पॅनल मात्र सोडवलेले असावेत, म्हणजे जानेवारीच्या उन्हात गोठलेल्या बॅटरीला कोणी चार्ज करू पाहणार नाही. बॅटरी उचलून तळघरात नेता येत असेल तर फारच चांगले.

वसंतात बॅटरी शून्य व्होल्ट दाखवत असेल तर ती मेली असे समजू नये. बीएमएसने स्वतःला तोडून घेतलेले असते आणि काही चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लावावा, आणि ती शुद्धीवर आली की एकदा १४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण भरून तासभर तिथेच ठेवावी, म्हणजे हिवाळ्यात वर-खाली झालेले सेल पुन्हा एका पातळीला येतात.